चौदावा रकाना

शहराचं नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. विदर्भातलं आहे एवढं पुरे. त्या वर्षी तिथे एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात पारा सत्तेचाळीसवर गेला होता. बाहेर जीव भाजून निघत होता आणि टाऊन हॉलच्या थंडगार दालनात दीडशे माणसं एकाच प्रश्नावर घसा कोरडा करत बसली होती: माणसं रस्त्यावर का येतात?

ही वादावादी काही नवी नव्हती. कुंदा बागडे नागरी निवारा कक्षात सर्वेक्षक म्हणून लागली त्याला बावीस वर्षं झाली होती, आणि बावीस वर्षं ती हेच ऐकत आली होती. बांधकामवाल्यांचा माणूस उठून म्हणायचा, दारू, दुसरं काय! युनियनवाला टेबलावर हात आपटायचा. भाडं परवडत नाही म्हणून माणूस पुलाखाली येतो आणि मग पितो, आधी पिऊन येत नाही, असं त्याचं म्हणणं. मग कुणीतरी विचारायचं की सगळी गरिबी त्या उड्डाणपुलाखालीच का साचते, शहरात दुसरी जागा नाही का? की लगेच ओरडा सुरू. चहा यायचा, बिस्किटं यायची, पुढची तारीख पडायची. पुलाखाली सहाशे चाळीस कुटुंबं होती तिथेच असायची.

पण या वेळी व्यासपीठावर प्राध्यापक अरविंद देवपुजारी होते आणि त्यांच्यामागे भिंतभर पडदा होता. देवपुजारी उंच आणि जरा वाकलेले. बोलता बोलता चष्मा पुसायची सवय. अवघड गोष्ट सोपी करून सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

"समजा, एक माणूस रस्त्यावर आलाय," ते म्हणाले. "तो पितो. त्याची नोकरी गेलीय. भाडं वाढलंय. बायको आजारी आहे. यातलं कारण कोणतं? आपण आजवर भांडत आलो. आमचं हे यंत्र, कारणवेध, भांडत नाही. ते या शहराची हुबेहूब प्रत संगणकात उभी करतं, अगदी गल्लीबोळ आणि माणसांसकट. मग त्या एका माणसाच्या आयुष्यातून एकच गोष्ट काढून घेतं. दारू काढली. तरी तो रस्त्यावर येतो? येतो. मग दारू हे त्याचं कारण नव्हे. भाडं निम्मं केलं. आता? असं प्रत्येकासाठी दहा हजार वेळा. जी गोष्ट बदलली की तो छपराखाली राहतो, ते त्याचं कारण. यात माझं मत नाही, तुमचंही नाही."

युनियनवालासुद्धा पुढे सरकून बसला.

पडद्यावर उड्डाणपूल आला. "पुलाखालच्या वस्तीत दारू वजा केली तरी आकडा फारसा हलत नाही. भाडं उतरवलं तर थोडा हलतो. पण इथल्या एकाहत्तर टक्के कुटुंबांचं गावी स्वतःचं घर आहे, गावच्या नोंदवहीशी ताडून पाहिलेलं. ती परत गेली असं धरलं, की पूल जवळजवळ रिकामा. खरं सांगतो, मलाही धक्का बसला. मला वाटत होतं, भाडंच निघणार." त्यांनी चष्मा पुसला. "त्यांचं कारण एकच आहे, परत न जाणं."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात बांधकामवाल्यांच्या रांगेतून, हे सांगायला नकोच.

"आणि हे शक्य झालं ते कुंदाताईंसारख्या सर्वेक्षकांमुळे. उठा ना कुंदाताई! पुलाखालचे सगळे फॉर्म एकट्या त्यांनी भरलेत. बावीस वर्षं!"

कुंदा उठली. हात जोडले. आणि टाळ्यांकडे न बघता ती लगेच खाली बसली. कारण चौदाव्या रकान्यात आपण काय लिहीत आलो, हे त्या दालनात तिला आणि तिच्या रांगेत माना खाली घालून बसलेल्या आठ सर्वेक्षकांनाच ठाऊक होतं.

चौदावा रकाना म्हणजे 'मूळ गावी स्वतःचे घर आहे का?'

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कुंदाने पुलाखाली भागरथाबाई दिघोरेला सरळच विचारलं होतं, "मावशी, घर नाही का तुम्हाला?" झालं! भागरथाबाईच्या हातातली परात खाली आदळली.

"कोन म्हन्ते घर नाई? दोन खनाचं घर हाय माह्यं गावी, कवेलूचं! आमी काई उकिरड्यावर जन्मलो का वं?"

शेजारच्या चार बायकांनी तोंड फिरवलं आणि त्या दिवशी एकही फॉर्म भरून झाला नाही. संध्याकाळी कक्षातल्या जुन्या सर्वेक्षक बाईंनी तिला समजावलं, अगं वेडे, पुलाखालच्या माणसाला घर नाही का म्हणून विचारायचं नसतं. गाव कोणतं विचार आणि घराच्या रकान्यात 'होय' लिहून मोकळी हो. तेवढाच त्यांचा मान राहतो, आणि तो रकाना वाचतंय कोण?

तेव्हापासून कुंदा विचारायची फक्त गाव, आणि खूण 'होय'वर. रीतच पडली. भागरथाबाई मग तिला माठातलं पाणी देऊ लागली, तिच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू घेऊन आली. तिचं गाव पिंपळझरी. ते धरणात बुडाल्याला तीस वर्षं होऊन गेली होती. नवरा सीताराम नदीत मासे धरायचा. ती नदीच राहिली नाही. ही सगळी हकिगत कुंदाला तोंडपाठ होती. फॉर्मवर मात्र 'होय'.

आता सोमवारपासून पुलाखालच्या लोकांना गावी परत धाडणाऱ्या 'स्वगृही' योजनेच्या बस सुटणार होत्या. बुधवारी पुलाखाली चिठ्ठ्या वाटल्या गेल्या आणि दुपारी कुंदा तिथे पोहोचली, तेव्हा भागरथाबाई दोन खांबांच्या मधल्या आपल्या जागेत चिठ्ठी उलटी धरून बसली होती. सीताराम बाजेवर पडलेला होता. पाय सुजून खांबासारखे झालेले. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. मंगळवार आणि शुक्रवार तो शहरातल्या दवाखान्यात मशीनवर जायचा, डायलिसिसला. एक वार चुकला तर धाप लागायची. दोन चुकले तर काय, ते डॉक्टरांनी भागरथाबाईला स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

"बाई, काय लिवलं हाय यात?"

कुंदाने वाचून दाखवलं. पिंपळझरी, घर क्रमांक बेचाळीस, सोमवार, सकाळी आठ.

"पिंपळझरी!" भागरथाबाई हसलीच. "बसला काय पोहता येते का?"

"नवीन जागेवर वसवलं ना मावशी. कागदावर तुमचं घर तिकडं गेलं. यादीत नाव दिसलं म्हणून मी कालच बघून आले. बेचाळीस नंबरावर बाभळी उगवल्या आहेत, दुसरं काही नाही. तिथून मशीनचा दवाखाना नव्वद किलोमीटर."

भागरथाबाईचं हसू मावळलं. तिने सीतारामकडे बघितलं. तो डोळे मिटून होता, पण ऐकत होता.

"मावशी, शनिवारी टाऊन हॉलमध्ये या योजनेची सुनावणी आहे. तुम्ही चला. माइकवर एवढंच सांगा, की मला गावी घर नाही. कुठंच घर नाही. बाकीचं मी बघते."

भागरथाबाई आवाज खाली आणून म्हणाली, "माह्यी पोरगी कुठं देली, तुले ठावं हाय ना? सोयरीक जमली तवा ह्यानं सांगतलं, गावी घर हाय. त्याच्यावर ते लोक हो म्हनले. आता टीव्हीवर दिसन मी, घर नाई म्हनून रडतानी. तिची सासू तिले उभी ठेवन का घरात?"

"मग सीतारामभाऊ?"

"म्हनून तर तुले सांगून राह्यली. तूच लिवलं ना बाई ते? तूच खोड."

एवढं सोपं असतं तर! कुंदा कक्षात गेली, अर्ज दिला, बाभळींचा फोटो जोडला. उत्तर आलं: नोंद नोंदवहीशी जुळते, बदल अमान्य. सर्वेक्षणाचा फॉर्म 'होय' म्हणतो, गावचा कागद 'होय' म्हणतो. दोन खोटी एकमेकांचा हात धरून उभी होती आणि यंत्राला ती खरी वाटत होती. त्यात यंत्राचा तरी काय दोष म्हणा!

घरी आल्यावर तिने नवऱ्याला, मोरेश्वरला, सगळं सांगितलं, शनिवारी माइकवर आपणच बोलणार हेही. मोरेश्वर एका शोरूमवर वॉचमन. निवारा कक्षाच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली, कुंदाच्या नोकरीवर मिळालेली. गेल्याच वर्षी तिच्या नावावर कायम झाली होती. लेक लग्न होऊन गेलेली.

"तू काऊन बोलून राह्यली?" तो म्हणाला. "बाकीचे आठ जन बोलतात का? खोटं लिवलं म्हनशीन तर नोकरी जाईन तुझी."

"सीतारामभाऊ मरतील."

"अन् आपन?"

"आपण मरणार नाही ना, मोरेश्वर! नोकरी जाईल. मरणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो डबा न नेताच कामावर गेला, आणि तो डबा ओट्यावर बघून कुंदाला रडूच फुटलं.

शनिवारी तिने माइक हातात घेतला.

"सर, पुलाखालच्या लोकांना गावी घरं आहेत असं मी लिहिलं. ते खोटं आहे. मी विचारलंच नाही. विचारणं बरं दिसत नाही म्हणून सगळ्यांचं 'होय' लिहिलं. बावीस वर्षं तेच लिहिलं."

देवपुजारींचा चष्मा हातातच राहिला. "सगळ्यांचं?"

"अकरा हजारांवर फॉर्म असतील. सगळ्यांचं."

"आणि बाकीचे सर्वेक्षक?"

कुंदाने आपल्या रांगेकडे पाहिलं. आठही जण आपापल्या चपलांकडे बघत होते. त्यात एकीच्या पोराची फी होती, एकाची आई अंथरुणाला खिळलेली. सगळ्यांचं सगळं तिला माहीत.

"मी माझं सांगते, सर."

युनियनवाला ओरडला, "बघा! सांगत होतो ना, भाडंच!" बांधकामवाल्यांचा माणूस म्हणाला, "या बाईला फितवलंय." पुन्हा तोच गोंधळ. देवपुजारी मात्र कुणाचंच ऐकत नव्हते. ते खाली उतरून कुंदापाशी आले. माणूस सरळ होता, हे मान्य करायलाच हवं.

"ताई, खरं बोललात. तुमचं म्हणणं मी आत्ताच यंत्रात घालतो. सोमवारची तुमची यादी थांबेल."

कुंदाचा जीव भांड्यात पडला. तिने पुलाखाली जाऊन सांगितलं, बस येणार नाही. भागरथाबाईने तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. पलीकडच्या खांबापासची विमल, सात महिन्यांची पोटुशी, तिने तर कुंदाला मिठीच मारली.

सोमवारी बस आली नाही. मंगळवारी भागरथाबाई सीतारामला घेऊन दवाखान्यात गेली. अर्ध्या तासात कुंदाचा फोन वाजला.

"बाई, हे म्हन्तेत कारड चालत नाई."

कुंदा धावत पोहोचली. खिडकीवरच्या मुलीने निवारापत्र तीनदा लावून दाखवलं. तिन्ही वेळा तेच: नोंद उपलब्ध नाही. निवारापत्र म्हणजे पुलाखालच्या माणसाचं सगळं काही. त्यावर टँकरचं पाणी मिळायचं, दवाखान्यात नंबर लागायचा, आणि पारा चढला की थंड दालनात दुपारभर बसू द्यायचे. सीताराम बाकावर वाकून बसला होता. प्रत्येक श्वासाला त्याचे खांदे वर उचलले जात होते.

तिने तिथूनच देवपुजारींना फोन लावला. पलीकडे बराच वेळ फक्त कळफलकाचा आवाज आला.

"कुंदाताई..." त्यांचा आवाजच बदलला होता. "यंत्र प्रत्येक सर्वेक्षकाला एक विश्वासाचा आकडा देतं. बोगस फॉर्म भरणाऱ्यांना पकडायला मीच तो नियम घातला होता. जो एका रकान्यात जाणूनबुजून खोटं लिहितो, त्याचे बाकीचे रकाने खरे कशावरून? तुमचा आकडा शून्यावर आलाय. तुमचे सगळे फॉर्म रद्द झालेत. नावं, आजार, जन्मतारखा, सगळं गेलं."

"म्हणजे ही माणसं..."

"यंत्राच्या लेखी ती नाहीतच. पुलाखाली कोणी राहत नाही. आणि ताई, निष्कर्ष तसाच आहे. बाकीच्या आठ जणांच्या वस्त्यांवरून अजूनही 'परत न जाणं' हेच कारण निघतंय. मी कालच वर लिहिलं, भांडलो. ते म्हणतात, बाई स्वतःच कबूल करते की ती खोटारडी आहे, तर तिच्या कबुलीवर विश्वास का ठेवायचा?"

"पुन्हा सर्वेक्षण करा! आजच करा!"

"जुलैत मंजूर झालंय."

जुलै! कुंदाने भिंतीला डोकं टेकलं. समोर सीतारामचे खांदे वर-खाली होत होते. तिला स्वतःचा इतका संताप आला की थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. खोटं लिहिलं तेव्हा यांचा मान राहिला. खरं बोलले, तर नावच पुसलं गेलं. आता काय करू मी, कोणाला विचारू?

"सर, काहीतरी सांगा. हा माणूस माझ्यासमोर मरतोय."

"एकच वाट आहे. कायम पत्ता असलेल्या घरात त्यांची नावं लागली तर. कुटुंबातली माणसं म्हणून. यंत्र नातं विचारेल. एका खोलीला चार माणसांची मर्यादा आहे." ते अडखळले. "मी माझ्याच घरी घेतलं असतं, पण यंत्र नातं ताडून बघतं. आडनाव, जात, गाव काहीच जुळत नाही माझं."

कुंदाचं माहेर धरणातच बुडालं होतं, पिंपळझरीच्या पलीकडच्या काठावरचं. माहेरचं आडनाव दिघोरेच. नातं कसलंही नव्हतं, पण यंत्राला तेवढं पुरलं असतं. तिने फोनवर आपल्या खोलीची नोंद उघडून खिडकीवरच्या मुलीसमोर धरली आणि म्हणाली, "लिही. सीताराम दिघोरे, माझा सख्खा भाऊ. भागरथा दिघोरे, वहिनी."

आणखी एक खोटं. या वेळी यंत्राने ते मुकाट्याने घेतलं, कारण घरमालक म्हणून तिचा आकडा वेगळा होता आणि तो स्वच्छ होता. सीतारामला आत नेलं. चार तासांनी तो बाहेर आला तेव्हा चेहरा राखेसारखा होता, पण श्वास सरळ चालत होता.

मोरेश्वरने दार उघडलं. समोर बायको, तिच्यामागे एक म्हातारी, आणि तिच्या खांद्यावर रेललेला एक माणूस. कुंदाची नोकरी गेल्याची चिठ्ठी दुपारीच आली होती. ती त्याच्या हातात होती. त्याने चिठ्ठी खिशात घातली, आपला पलंग भिंतीला सरकवला आणि म्हणाला, "भाऊले इथं झोपवा. पंख्याखाली."

चार माणसं. खोली भरली.

बुधवारी सकाळी सात वाजता जिन्यात पावलं वाजली. ऊन तेव्हाच चटके देत होतं. कुंदाने दार उघडलं तर समोर विमल उभी, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात बाळंतपणाच्या दवाखान्याची फाईल. तिच्यामागे जिन्याच्या प्रत्येक पायरीवर माणसं. टीबीच्या गोळ्या बंद झालेला नामदेव. मिरगीची पोरगी कडेवर घेतलेली तिची आई. खाली अंगणात, फाटकापाशी, त्याच्याही पलीकडे. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. कुंदाला त्यातलं प्रत्येक नाव माहीत होतं. आता ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"ताई," विमल म्हणाली, "कारड चालत नाई. थंड दालनातून हाकललं आमाले. भागरथाबाईले घेतलं म्हन्ते तुमी. आमचाबी फॉर्म तुमीच भरला होता ना?"

जागा नाही, चारची मर्यादा आहे, हे कुंदाला सांगायचं होतं. विमलच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत चालला होता आणि ती तो पुसतही नव्हती. कुंदाने दार आणखी उघडलं, आत ये म्हणायला.

तेवढ्यात मागून एक सुरकुतलेला हात तिच्या खांद्यावरून पुढे आला. भागरथाबाई. तीस वर्षं ज्यांच्या चुलीशेजारी तिची चूल होती, ती सगळी माणसं तिने एक एक करून बघितली. विमलला तर तिनेच न्हाऊमाखू घातलं होतं, लहान असताना.

"पाचवं नाव लागलं त माह्या मानसाचं निघन, बाई," ती कुंदाला म्हणाली. मग विमलकडे न बघता म्हणाली, "पोरी, माफ कर मले."

आणि तिने दार ढकलून लावलं. कडी घातली. कडी घालून ती तिथेच दाराला पाठ लावून खाली बसली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडू लागली. पलंगावर सीतारामने कूस बदलली.

कुंदा कडीपर्यंत हात नेऊन थांबली. बाहेरून कुणी दार वाजवलं नाही. एक एक जण पायरीवर टेकत होता, तेवढा आवाज येत राहिला.